उशिराचं सुतक

जालना,
दि. १९ जुलै २०२५

श्री. गिरिधरभाऊ यांस,
स. न. वि. वि.

माझं पत्र पाहून नवल वाटेल. हल्ली पत्रं फक्त बँका पाठवतात. पण तुम्हाला फोनवर कमी ऐकू येतं म्हणून तुमचा फोन सुमित उचलतो, आणि मला जे बोलायचं आहे ते तुमच्या मुलाशी नाही, तुमच्याशी. तुम्ही जन्मभर शाळेत मराठी शिकवलंत, तेव्हा माझं अक्षर लागेल.

परवा परतूरच्या नगरपरिषदेतून आईच्या हातात नोटीस पडली. आमच्या गोजरआत्याचं घर वारस म्हणून तुमच्या नावावर लावावं, असा अर्ज आला आहे आणि खाली तुमची सही आहे. आईनं ती शेजारणीकडून वाचून घेतली आणि मला फोन करून एवढंच विचारलं, की सामान कधी हलवायचं. तिला अठ्ठ्याहत्तरावं वर्ष लागलं आहे. माझे वडील गेल्यापासून ती आणि आत्या, नणंद-भावजय, त्या दोन खोल्यांत राहत आल्या. भांडल्याही भरपूर, पण चूल एकच होती. माझ्याकडे जालन्याला ती येईल हो, पण लेकीच्या घरी पाहुणी म्हणून येईल आणि पिशवी भरून दारातच ठेवेल.

हे घर आत्यानं कन्याशाळेत शिवण शिकवून, स्वतःच्या पगारातून बांधलं. तिच्या नवऱ्याची, म्हणजे तुमच्या काकांची, त्यात एक वीट नाही. ते बिचारे घर होण्याच्या कितीतरी आधी वारले. म्हणून मी मोठ्या तोऱ्यात वकिलाकडे गेले. त्यांनी पाणी विचारलं आणि मग सांगितलं, की मूलबाळ नसलेली विधवा मृत्युपत्र न करता गेली, तर तिनं स्वतः कमावलेलं घरसुद्धा आधी नवऱ्याच्या वारसांना जातं. नवऱ्याचे वारस म्हणजे एकटे पुतणे, तुम्ही. जिच्या मांडीला मांडी लावून आत्यानं तीस वर्षं भाकरी खाल्ली, त्या भावजयीचा नंबर कुठेच नाही.

कायदा असेल तसा असो. मला एप्रिलमधला फोन आठवतो. आत्या पहाटे गेली, परतूरला पोचताच मी तुम्हाला कळवलं. त्या दिवशी तुम्हाला बराबर ऐकू आलं होतं. तुम्ही म्हणालात की लेकीची, अर्पिताची हळद चार दिवसांवर आली आहे, काकू पन्नास वर्षांपूर्वीच आमच्या घरातून गेल्या, त्यांचा आमचा आता काय संबंध, आम्हाला सुतक लागत नाही. वर हेही म्हणालात, की ही बातमी मी ऐकलीच नाही असं धरा आणि आमच्या पाहुण्यांत कुणाला बोलू नका. आमचा फोन स्पीकरवर होता. आईनंही ऐकलं, आणि अंगणात बसलेल्या चार बायांनीही ऐकलं.

तर सुतक नको आणि घर मात्र हवं, हे कुठल्या पंचांगात लिहिलं आहे तेवढं कळवा.

शेवटी लोभ मागायची रीत आहे. या घडीला तो मागायला मन धजत नाही.

रजनी


शहागड,
दि. २८ जुलै २०२५

सौ. रजनीताई यांस,
सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. दोनदा वाचलं आणि सुमितच्या आईला दिलं नाही.

तुम्ही रागावलात ते समजू शकतो. पण दुसरी बाजूही पाहावी. सुमितचं हायवेवर टायरचं दुकान आहे, ते नीट चालत नाही. त्याला कुणीतरी वकील भेटला आणि त्यानं हे डोक्यात घातलं. मुलाचं रक्त तरुण आहे. घाईत अर्ज करून मोकळा झाला. कायदा सरकारनं केला, मी नाही.

सुतकाचं म्हणाल, तर पत्रिका वाटून झाल्या होत्या, मंडपवाला, आचारी, सगळं ठरलेलं. अर्पिताची सासरची मंडळी अंकुशनगरची, फार सोवळ्याची. सुतकातलं लग्न त्यांनी मान्य केलं नसतं आणि पुढचा मुहूर्त धरेपर्यंत स्थळ राहिलं असतं की नाही, कोण सांगणार. आमच्या गुरुजींचं म्हणणं आहे की जी बातमी ऐकली नाही तिचं सुतक लागत नाही. म्हणून तसं बोललो. तुम्हालाही मुलगी आहे.

तुळजाबाईंनी मात्र काळजी करू नये. घर नावावर झालं तरी त्यांनी हयातभर तिथं खुशाल राहावं. मी भाडं मागणार नाही, हा माझा शब्द.

घरच्या सर्वांना नमस्कार सांगावा. आपला लोभ आहे तसा राहो ही विनंती.

आपला,
गिरिधर


जालना,
दि. ४ ऑगस्ट २०२५

श्री. गिरिधरभाऊ यांस,
स. न. वि. वि.

भाडं मागणार नाही म्हणालात, ते मी परतूरला जाऊन आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, लई मोठ्या मनाचा माणूस हाय, त्याला म्हणावं आमच्याच विहिरीचं पाणी आम्हाला फुकट पाजतो. एवढं बोलून ती भांडी घासायला गेली, आणि भांडी बराच वेळ आदळत होती.

तुम्हाला चांगलं झणझणीत उत्तर लिहायला बसले होते. चार ओळी झाल्या. माहेरानं आत्यासाठी काय काय केलं याची यादी सुरू केली आणि तिथंच अडले. ते अडलेलंच आज लिहिते, कारण ते न लिहिता तुम्हाला बोल लावणं बरं नव्हे.

मी विम्याच्या कार्यालयात नोकरी करते. दिवसभर समोरच्याला एकच प्रश्न विचारते, की वारस म्हणून कुणाचं नाव लावलं. दोन वर्षांपूर्वी आत्या स्वतःहून म्हणाली, रजे, घराचं काहीतरी लिहून ठेवू. मी तिला अभद्र बोलू नकोस म्हणून गप्प केलं. खरं कारण अभद्राचं नव्हतं. घर ती माझ्या आईलाच देणार हे मला ठाऊक होतं, आणि भाचीनं म्हातारीकडून लिहून घेतलं असं चार लोक म्हणतील याची मला लाज वाटली. मी माझ्या अब्रूला जपलं आणि आईचं छप्पर घालवलं.

दुसरं याहून वाईट आहे. मार्चमध्ये तुम्ही आणि वहिनी अक्षता घेऊन परतूरला आलात. आत्याला म्हणालात, की घरातली वडील बाई आता तूच, तू आलीच पाहिजेस. तुम्ही गेल्यावर ती आठवडाभर हवेत होती. पन्नास वर्षांनी सासरचं बोलावणं. बाजारात जाऊन अर्पितासाठी हिरवीगार जरीकाठी साडी घेऊन आली, तिला फॉल लावला, पदराला गोंडे केले आणि घडी करून कपाटात ठेवली.

बाईला शेवटची साडी माहेरची लागते, हे तुम्हाला सांगायला नको. मी जालन्याहून पोचले तेव्हा लोक खोळंबले होते, ऊन चढत होतं, कुणीतरी जल्दी करा म्हणून ओरडत होतं. मी कपाट उघडलं, वरचीच नवी साडी ओढली आणि आत्याला नेसवली. विधवेला हिरवं नेसवून काढलं म्हणून बाया कुजबुजल्या. मी मनात म्हटलं, कुजबुजू द्या, जन्मात एकदा तरी हिरवं नेसून जाऊ दे. रात्री आईनं सांगितलं, ती अर्पिताची होती.

म्हणजे माहेर म्हणून मी एवढी मिरवते, पण आत्याला शेवटचं लुगडंसुद्धा माझ्या पैशाचं मिळालं नाही. ती स्वतःच्या पैशाची, आणि तीही तुमच्या लेकीची साडी नेसून गेली. तुम्ही तिचं सुतक पाळलं नाही आणि मी तिला साडी दिली नाही. आपण दोघं एकाच माळेचे मणी.

घराबद्दलची माझी हरकत कायद्यानं टिकणार नाही हे माहीत असूनही मी ती नोंदवते आहे. लोभाचं पुढे पाहू.

रजनी


शहागड,
दि. २० ऑगस्ट २०२५

सौ. रजनीताई,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्राला उत्तर द्यायला वेळ लावला. रोज बसत होतो आणि रोज उठत होतो.

मागच्या पत्रात मी एक खोटं लिहिलं. सुमितनं घाईत अर्ज केला म्हणालो. अर्ज त्यानं आणला, पण भरला मी. माझं अक्षर चांगलं आहे म्हणून. मयताशी नातं काय, असा रकाना होता. तिथं मी ‘चुलती’ असं लिहिलं, आणि शाई वाळेपर्यंत फुंकर घातली. एप्रिलमध्ये जिच्याशी संबंध नव्हता ती जुलैमध्ये चुलती झाली. एवढं करून लाज वाटली नाही. वाटली ती तुमच्या पत्रातलं साडीचं वाचताना.

तुम्हाला माहीत नसेल असं एक सांगतो. काका वारले तेव्हा मी चौथीत होतो. वडिलांनी काकूला चार दिवस माहेरी मन रमेल असं सांगून एसटीत बसवलं. तिची पेटी उचलायला मी स्टँडपर्यंत गेल्तो. खिडकीतून तिनं मला सांगितलं की दिवाळीला येते, येताना तुला नवा सदरा शिवून आणते. मग वडिलांनी तिला बोलावलंच नाही. काकांच्या वाट्याचं रान आमच्याकडेच राहिलं, आजही आम्हीच पेरतो. त्या दिवाळीत मी दोन दिवस स्टँडवर जाऊन बसलो होतो. मोठा झाल्यावर परतूरला जायला मला कुणी बांधून ठेवलं नव्हतं. तरी लेकीच्या लग्नाची अक्षता द्यायला म्हणूनच काय तो गेलो.

वकिलाला भेटून आलो. घर तुळजाबाईंच्या नावावर कसं करायचं ते विचारलं. त्याचं म्हणणं असं, की मी नुसता हक्क सोडून चालत नाही, कारण हक्क सोडायचा तो दुसऱ्या वारसाच्या बाजूनं, आणि तुळजाबाई वारस नाहीत. आधी मी वारस म्हणून उघडपणे उभं राहायचं, घर माझ्या नावावर घ्यायचं आणि मग त्यांना बक्षीसपत्र करून द्यायचं. म्हणजे परत करायचं असेल तर आधी घ्यावं लागतं, आणि घ्यायचं असेल तर गोजरबाई माझी काकू होती असं शपथेवर सांगावं लागतं.

हे मी सांगितलं की अर्पिताची हळद सुतकात झाली हेही सांगितल्यासारखंच आहे. अर्ज करताना हे ध्यानात आलं नव्हतं, पण नोटीस पेपरात येते. अंकुशनगर काही समुद्रापलीकडे नाही. सुमित बोलत नाही. त्याची आई म्हणते, की गेलेल्या बाईपायी जित्या पोरीचा संसार कशाला नासवून राह्यलेत.

काय करावं ते ठरत नाही. पण तुम्हाला न कळवता बसणं जमेना. तुमचा लोभ मागण्याची लायकी नाही, तरी राग तरी चालू ठेवावा.

गिरिधर


जालना,
दि. २७ ऑगस्ट २०२५

श्री. गिरिधरभाऊ यांस,
स. न. वि. वि.

पत्र वाचलं, परतूरला जाऊन आईलाही वाचून दाखवलं. सदऱ्याचं ऐकून ती पदर तोंडाला लावून बसली.

मी आधी भांडत होते आणि आता तुम्हाला थांबवायला लिहिते आहे, याचं मलाच हसू येतं. अर्पिताचं घर मोडून आमचं घर वाचवू नका. नव्या नवरीला सासरी पहिल्या वर्षी साधं दूध उतू गेलं तरी बोलणी बसतात, हे तर सुतक. मी आईला जालन्याला आणीन. तिसरा मजला आहे, लिफ्ट आहे, ती चार महिने कुरकुर करेल आणि मग शेजारणींशी भांडण काढून रुळेल. आत्यानं एका पोरीसाठी गोंडे केले होते. त्या पोरीचं वाईट व्हावं असं तिला वाटलं नसतं.

हरकत मी मागे घेते. तुमच्यावरचा राग मात्र तुम्हीच मागितला आहे, तेव्हा तो थोडा शिल्लक ठेवते.

आपली,
रजनी


शहागड,
दि. २ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. रजनीस,
अनेक आशीर्वाद. तुम्ही-आम्ही सोडून लिहितो, माफ कर.

तुझं ऐकलं नाही. पत्र मिळालं त्याच आठवड्यात अंकुशनगरला गेलो. पेपरात येण्याआधी माझ्या तोंडून जावं, म्हणून. अर्पिताच्या सासूबाई सत्यशीलाबाई चहा घेऊन आल्या, आणि तो कप हातात असतानाच मी सगळं सांगितलं. त्यांनी बोटांवर दिवस मोजले. हळद, देवक, मंगळसूत्र, सगळं त्यात येत होतं. उठून आत गेल्या आणि देवघराचं दार लावून घेतलं. जावईबापू हसून म्हणाले की असलं आता कोण मानतं, पण त्यांच्या आईनं त्या दिवसापासून अर्पिताला देवाच्या दिव्याला हात लावू दिलेला नाही. शांत करायची म्हणतात. पुढं काय होईल माहीत नाही. हे मी केलं आहे, ते मला दिसतं.

अर्पिता मला फाटकापर्यंत सोडायला आली. मला वाटलं, का सांगितलंत म्हणून रागावेल. ती वेगळ्याच गोष्टीवर रडली. म्हणाली की दादा, मी लग्नात दिवसभर गोजरआजीला शोधत होते, येणाऱ्या प्रत्येक म्हातारीकडं बघत होते, आणि तुम्हाला दोनदा विचारलं तर तुम्ही पायऱ्या चढवत न्हाईत तिला असं म्हणालात. हे मी विसरून गेलो होतो. खोटं बोलताना माणूस इतकं सहज बोलतो, की ध्यानातसुद्धा राहत नाही.

घरी आल्यावर गुरुजींना विचारलं. ते म्हणाले एवढ्या दिवसांनी नुसती अंघोळ केली तरी भागतं. मला तेवढ्यावर भागवायचं नव्हतं. पूर्ण दहा दिवस बसलो, आणि मुद्दाम थांबून दिवाळीतच बसलो. गावभर दिवे लागले, आमच्या दारात नाही. सुमित जेवणाचं ताट घेऊन बाहेर ओट्यावर बसायचा. गोदावरीवर जाऊन डोकं भादरलं, मिशी काढली. तिथं ओळखीचे धर्मराज पाटील भेटले आणि विचारलं, मास्तर, कोण गेलं. म्हटलं चुलती. कधी गेली, तर म्हटलं एप्रिलात. ते बघतच राहिले. मग सगळ्या गावाला सांगावं लागलं. दुकानात, सोसायटीत, शाळेतल्या जुन्या पोरांना. प्रत्येक वेळी तेच प्रश्न आणि तेच उत्तर, आणि दरवेळी लाज नव्यानं वाटली. पहिल्यांदा वाटलं होतं सांगून सांगून ती झिजेल. तसं होत नाही.

घर सप्टेंबरात माझ्या नावावर लागलं होतं आणि परवा तुळजाबाईंच्या नावानं बक्षीसपत्राची नोंदणी झाली. कागद रजिस्ट्रीनं पाठवतो आहे. सुमितनं त्या दिवशी मला गाडीवर नेलं नाही, पण परत न्यायला आला. रानाचं तू विचारलं नाहीस. विचारलं असतंस तर काय सांगितलं असतं, याचा अजून मला भरवसा नाही.

एक गोष्ट राहिली. दुखवटा सोडवायला सोयऱ्यांनी सुतक धरलेल्याला टोपी घालायची असते. आमच्या घरात तसं कुणी पुढं आलं नाही. टकलावर टॉवेल टाकून फिरतो. हे फक्त कळवलं, मागितलं नाही.

तुझ्या आईंना माझा दंडवत. जो काही थोडा लोभ उरला असेल तो त्यांच्या पायाशी ठेव.

तुझा भाऊ,
गिरिधर


परतूर,
दि. ९ नोव्हेंबर २०२५

गिरिधरभाऊ यांना तुळजाबाईचा नमस्कार.

मी सांगून राह्यले अन् रजनी लिहून राह्यली. तिला बजावलंय, मी बोलते तसंच लिही, शाळेतलं करू नको.

कागद पोचले. घर माझ्या नावचं झालं. मी त्याच दिवशी रजनीला म्हणलं चल वकिलाकडं, मला मृत्युपत्र करायचं. ती अभद्र म्हणाया लागली. मी म्हणलं एकदा तुझं ऐकून पाह्यलं, आता बास. करून टाकलं. कोणाला काय ठेवलं ते मी मेल्यावर कळंल.

आता एक सांगते. हे रजनीला बी आजच कळून राह्यलं, तिचा हात थांबलाय, मी तिला पुढं लिही म्हणते.

तुमचे वडील वारले तवा तुमच्याकडून आम्हाला कोणी सांगावा धाडला न्हाई. वन्संला बाजारात कळालं. भाजीची पिशवी तशीच घेऊन घरी आल्या, डोक्यावरून पाणी घेतलं अन् सुतक धरून बसल्या. ज्या माणसानं त्यांना एसटीत बसवून घालून दिलं, त्याचं सुतक. दहा दिवस शाळेत गेल्या न्हाईत, सुईला हात लावला न्हाई, बिनफोडणीचं खाल्लं, ह्याच घरात खाली घोंगडीवर निजल्या. मला लई राग आला. मी तोंडावर बोलले, की वन्सं, तुमचा त्यांचा आता काय संबंध. त्या रागावल्या न्हाईत. मला म्हणल्या, तुम्ही जेवून घ्या, तुम्हाला लागत न्हाई. मी जेवले, अन् शेजारणीपाशी त्यांची टवाळी केली.

एप्रिलात फोनवर तुमचं बोलणं ऐकलं. रजनी रडली, बाया शिव्या देऊ लागल्या. मी गप बसले. सगळ्यांला वाटलं म्हातारीला धक्का बसला. धक्का न्हाई, भाऊ. ते बोलणं माझं होतं. वन्संच्या तोंडावर मी आधी बोलले, तुम्ही निदान त्या गेल्यावर बोलले.

टोपी आणून ठेवलीय. डोक्याचं माप माहीत न्हाई, पण वन्सं म्हणायच्या की त्यांच्या मालकाचं डोकं मोठं होतं, त्यावरून मोठी घेतली. अर्पिताला घेऊन या. तिच्यासाठी हिरवी साडी घेतलीय, वन्संसारखे गोंडे मला जमले न्हाईत. तिच्या सासूला बी आणा, आल्या तर. दिव्याचं मी त्यांच्याशी बोलते, म्हातारीचं ऐकतेत लोक.

टोपी तुम्हाला मी घालीन. मंग मला तुम्ही वन्संच्या फोटोपुढं घेऊन चला, मला एकटीला तिथं जाववत न्हाई.

जल्दी या. लोभ पत्रात मागू नका, इथं येऊन घेऊन जा.

तुळजाबाई
(अंगठा नको म्हणलं रजनीला, सही मीच केली हाय)